चार मीटर अरुंद

मी फुटबॉलचं मैदान चार मीटर अरुंद आखलं आणि जवळजवळ अख्खा मोसम ते तसंच राहिलं. त्यामागे हेतू काही नव्हता. मला माहीतच नव्हतं.

हे एकदाचं लिहून टाकलं, म्हणजे आता चिडायला मी मोकळा झालो. या प्रकरणात मी मूर्ख ठरलो हे मान्य. पण मी एकटा नव्हतो, आणि बाकीच्या मूर्खांना कुणी एक शब्द बोलत नाही याचा मला अजून संताप येतो.

मी मुळे. उज्जैनमधल्या एका मैदानाची देखभाल मी नोकरीभर केली, आणि निवृत्त झाल्यावर एका फुटबॉल क्लबनं मला त्याच मैदानावर पुन्हा बोलावून घेतलं. आमचे पूर्वज शिंद्यांच्या लष्कराबरोबर इकडे आले ते तलवार चालवायला नव्हे, घोड्यांच्या चाऱ्याची व्यवस्था बघायला. मी शेतकी कॉलेजातून पदवी घेऊन मैदानावर रुजू झालो तेव्हा वडील म्हणाले, "चला, गवत काही घरातून गेलं नाही."

लोकांना वाटतं, मैदान म्हणजे रिकामी जागा. मैदान रिकामं दिसलं की आमच्या गावाच्या पोटात दुखायला लागतं. दसऱ्याला तिथे रावण जाळायचा, मग त्याची राख आणि खिळे वेचायला मी. कुणा पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरवायचं तर बरोबर मधल्या वर्तुळात, कारण वर्तुळ आखलेलंच असतं! मी एकदा त्या साहेबांच्या माणसाला म्हणालो, "अहो, ते हेलिपॅड नाही, तिथून खेळ सुरू करतात." तो म्हणाला, "अंकल, हमारा भी वहीं से शुरू होगा." सिंहस्थात तिथे गाड्या उभ्या केल्या. लग्नाच्या मंडपवाल्यांनी बांबूंसाठी इतके खड्डे केले की पुढच्या पावसाळ्यात मैदानाची चाळण झाली होती. आणि आमची ती माळव्याची काळी माती! उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती बुटाला अशी धरते की खेळाडू पाय उचलतो, बूट तिथेच राहतो. त्या मातीत वाळू कालवायची, सळईनं भोकं पाडून खाली हवा पोचवायची, हरळी रुजवायची, कापायची, रूळ फिरवायचा, पुन्हा कापायची. एवढं करून चतुर्थीला सकाळी जावं, तर गोलसमोर चार बायका बसलेल्या.

"काकू, ही पेनल्टीची जागा आहे!"

"असू दे हो. पण दुर्वा किती छान आहेत तुमच्या. बाजारात अशा कोवळ्या मिळत नाहीत."

माझ्या गवताचं आयुष्यभरात झालेलं हे एकमेव कौतुक. त्यामुळे मी त्यांना हाकलूही शकलो नाही. उलट कोपऱ्यातल्या जास्त चांगल्या आहेत हे दाखवून दिलं.

तर अशा मैदानावर एक खरोखरचा, पगारी खेळाडूंचा संघ आला. एका कारखानदारानं तो काढला होता. देशभर फिरून खेळायचं, वरच्या गटात जायची धडपड करायची, अशी ती स्पर्धा. जर्सी घाटावरच्या साधूंसारखी गेरूच्या रंगाची, म्हणून लोक त्यांना 'घाटवाले' म्हणू लागले. पहिली दोन वर्षं घाटवाले इतके हरले, की राम घाटावरच्या एका गुरुजींनी आमच्या कप्तानाला थांबवून विचारलं, "बेटा, कालसर्प की शांति करवा ली क्या?" तो मिझोरामचा पोरगा. त्याला वाटलं, ही गोलकीपरसाठी काही क्रीम असावी.

तिसऱ्या वर्षी कोल्हापूरचे पोवार कोच आले. ठेंगणे, मान नसलेले, आणि बोलायला लागले की शेजारच्या गल्लीतही कळावं असे. आमचं 'करून राहिलोय, जाऊन राहिलोय' ऐकून म्हणाले, "काका, तुमी लोक कुठं राहून राहिलाय ते ठीक हाय, पन मैदान ओलं राहून राहिलंय ते बगा." मला माणूस आवडला. मैदानाबद्दल बोलणारा पहिला कोच तो.

आणि घाटवाले सुधारले! घरच्या मैदानावर हरेनातच. एक गोल मारायचे आणि मग अशी भिंत उभी करायचे की समोरच्यांनी डोकी आपटून घ्यावीत. बाहेरगावी मात्र कधी बरोबरी, कधी हार. इथूनच तो वाद सुरू झाला, ज्यानं माझं रक्त आटवलं.

वादाचं ठिकाण फ्रीगंजमधलं बंटीचं पोह्याचं दुकान. बंटी हा घाटवाल्यांचा कट्टर भक्त. संघ जिंकला की पोह्यांवर शेव दुप्पट आणि वर जिरावणाचा तिखट मसाला इतका, की डोळ्यांत पाणी यावं. विरुद्ध बाजूला वैद्यसाहेब, बँकेतून निवृत्त, माझ्या शेजारच्या घरात राहणारे. त्यांना कुठल्याही चांगल्या गोष्टीत खोट काढल्याशिवाय पोहे पचत नाहीत.

"ही टीम चांगली झालेली नाहीये," वैद्यसाहेब म्हणायचे. "ती फक्त हरायचं विसरली आहे. आठवेल लवकरच."

"साब, जीत तो जीत होती है," बंटी झारा आपटून म्हणायचा.

"घरी जिंकायला काय लागतं? बाहेर जाऊन जिंका. दहा पोरं गोलसमोर उभी करायची, याला फुटबॉल म्हणतात का? याला रेशनची लाइन म्हणतात."

मी भडकायचो. का भडकू नये? वैद्यसाहेब उन्हातान्हात सरावाला एकदा तरी आले होते? त्या मिझो पोरानं उलटी होईपर्यंत पळून पुन्हा पळायला घेतलेलं मी पाहिलं होतं. मागच्या वर्षी ज्यांना एकमेकांची नावं माहीत नव्हती, ती पोरं आता एकमेकांकडे न बघता पास देत होती. आणि हा माणूस सावलीत बसून, तोंडात जिलेबी धरून ठरवणार की हे चांगले नाहीत! हरले तेव्हा 'मेहनत नाही' म्हणून रडला, जिंकले तेव्हा 'नशीब' म्हणतो. अरे, मग चांगलं व्हायचं तरी कसं माणसानं? कुठे अर्ज द्यायचा?

एकदा वैद्यसाहेब म्हणाले, "मला तर आपलं मैदानच लहान वाटतं. टीव्हीवर बाकीची मैदानं कशी ऐसपैस दिसतात."

मी पोह्याची बशी खाली ठेवली. "वैद्यसाहेब, तुम्ही जन्मभर नोटा मोजल्यात. मैदान मोजायचं माझ्याकडे सोडा. महाकाळाची शपथ घेऊन सांगतो, इंचभर कमी निघालं तर मिशी काढीन."

सगळं दुकान हसलं. वैद्यसाहेब लाल झाले. बंटीनं मला शेव वाढली. माझ्या आयुष्यातला तो फार चांगला दिवस होता.

अशात मालकांनी जाहीर केलं की शेवटचा सामना घरच्या मैदानावर आहे. तो हरला नाही तर संघ वरच्या निम्म्यात राहील आणि पुढेही उज्जैनलाच खेळेल. हरला, तर संघ इंदूरला.

इंदूरला! बाहेरच्या वाचकाला या शब्दातलं दुःख कळायचं नाही. जे काही चांगलं आमच्याकडे उगवतं, ते दोन पानं फुटली की इंदूरला नेऊन लावतात. कचेऱ्या गेल्या, डॉक्टर गेले, जावई तर सगळेच गेले. आता घाटवाले गेले तर घाट काय इंदूरला बांधणार? आणि माझं मैदान? पुन्हा रावण, पुन्हा बांबू, पुन्हा हेलिकॉप्टर. रात्रंदिवस जपलेल्या त्या हरळीवर खेळणारी माणसं एकदाची मिळाली होती, आणि आता ती जाणार की राहणार हे एका सामन्यावर आलं होतं. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्याकडे पडदे शिवून आले.

सुलभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, खिडक्यांची मापं घेऊन फ्रीगंजच्या शिंप्याकडे दिली होती. पडदे लावले तर ते चांगले मीटरभर जमिनीवर लोळत होते. सुलभा तरातरा शिंप्याकडे भांडायला गेली आणि तितक्याच तरातरा परत आली. शिंप्यानं तिच्यासमोर मोजून दाखवलं होतं. दिलेल्या मापात सुतभराचा फरक नव्हता.

"माझी छोटी टेप सापडेना, म्हणून तुमच्या मैदानाच्या टेपनं मापं घेतली होती," ती म्हणाली आणि माझी तीस मीटरची कापडी टेप तिनं माझ्यासमोर धरली. "अहो, हिची सुरुवातच एकपासून आहे."

"हो, पहिला मीटर गाईनं खाल्ला ना."

"मग मैदान कशानं मोजता?"

मी टेप तिच्या हातातून घेतली आणि कडीपासून आकडे वाचायला लागलो.

झालं होतं असं. मागचा मोसम संपल्यावर मी टेप धुऊन कुंपणावर वाळत घातली होती. भिंतीला एक भगदाड आहे, तिथून गाय आत येते. तिला हाकलायचं म्हणजे आधी रस्त्यावरच्या चार भक्तांशी भांडायचं, म्हणून ते भगदाड आणि ती गाय दोन्ही तशीच आहेत. तिनं टेपचं टोक चावून चावून चोथा केला. नवी टेप मागावी तर मंजुरी येईपर्यंत गाय म्हातारी होईल, म्हणून मी चोथा झालेला भाग बरोबर एकच्या आकड्यावर कापला, लोखंडी कडी तिथे पुन्हा शिवली, आणि स्वतःच्या काटकसरीवर खूश झालो. गवंडीसुद्धा टोक झिजलेल्या टेपला एकपासून धरतात आणि शेवटी एक वजा करतात. मलाही तेवढंच लक्षात ठेवायचं होतं. मोसम सुरू होईपर्यंत मी ते साफ विसरलो.

मैदान आखतात कसं, ते सांगतो. गोलचे खांब काँक्रीटमध्ये रोवलेले, तेव्हा लांबी हलत नाही. गोलसमोरच्या चौकटी गाठी मारलेल्या दोरीनं आखायच्या; ती दोरी गाईला आवडत नाही. फक्त रुंदी टेपनं. आमच्या स्पर्धेला अडुसष्ट मीटर लागायची, म्हणजे मधोमध उभं राहून दोन्ही बाजूंना चौतीस-चौतीस. टेप तीसची, म्हणून प्रत्येक बाजूला ती दोनदा टाकायची. दर वेळी एक मीटर कमी. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन. नंतर मोसमभर त्याच रेघांवरून चुन्याची गाडी फिरवायची. पुन्हा मोजतो कोण?

आता इथे मला ओरडावंसं वाटतं. सामन्याआधी तपासायला यायचे ते अधिकारी काय करत होते? जाळी ओढून बघायचे, माझ्याकडचा चहा प्यायचे, आणि विचारायचे, "चौड़ाई?" मी छाती फुगवून "अडसठ!" म्हणायचो. "बढ़िया!" ते म्हणायचे. इतके बाहेरचे संघ येऊन हरून गेले, त्यांनी रेफरीला शिव्या दिल्या, उन्हाला दिल्या, आमच्या पाण्याला दिल्या. एकालाही चालून बघावंसं वाटलं नाही! सबंध देशात संशय आला तो एकाच माणसाला, आणि त्याला मी भर दुकानात गप्प केलं होतं.

अरुंद मैदानाचा फायदा कुणाला, हे कळायला फार अक्कल लागत नाही. बचाव करणाऱ्याला. समोरच्याला कडेनं पळायला जागा उरत नाही, भिंत आपोआप दाट होते. म्हणजे वैद्यसाहेब म्हणत होते ते खरं? ती पोरं चांगली नव्हतीच? त्यांच्या घामाचं, उलट्यांचं, सगळ्याचं श्रेय एका भटक्या गाईला?

हे मला सहन होईना. गप्प बसलो असतो तर कुणालाही कळलं नसतं. एक सामना तर उरला होता. सुलभा म्हणालीसुद्धा, "आता राहू द्या. संघ राहिला की पुढच्या वर्षी करा रुंद." शहाणपणाचं होतं ते. म्हणूनच मी केलं नाही. मला एकदा, फक्त एकदा, पूर्ण अडुसष्टवर ती पोरं बघायची होती. आणि ही गोष्ट कोचना सांगायची हिंमत मात्र झाली नाही. गाईचं नाव कसं घ्यायचं, हाच प्रश्न होता.

सामन्याआधी दोन दिवस मी मैदानाला आराम देतो. पोरं दुसरीकडे सराव करतात. सामन्याच्या दिवशी सकाळी दोन माळी घेऊन, शिंप्याकडून टेप मागून आणून जोडत जोडत, मी बाजूच्या रेघा बाहेर सरकवल्या. जुन्या रेघा धुतल्या. पण चुन्यानं गवत जळतं, त्यामुळे आतल्या बाजूला एक पिवळी पट्टी राहिलीच.

संध्याकाळी गाव लोटलं. वैद्यसाहेब बंटीच्या शेजारीच बसले होते. मी त्यांच्या मागे.

"ती पिवळी पट्टी कसली?" वैद्यसाहेबांनी विचारलं.

"कोच की नई टेकनीक है," बंटी ठामपणे म्हणाला. "निशान लगा रखा है, यहीं से पास देना है."

पोवार कोच मैदानावर आले, पट्टीपाशी थांबले. तिथून नव्या रेघेपर्यंत चालत गेले. मग मान नसलेलं ते डोकं हळूहळू वळलं आणि मला शोधू लागलं. मी खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करायला घेतला.

पहिला अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. आमचा डावीकडचा पोरगा चेंडू घेऊन पळायचा आणि पिवळ्या पट्टीवर येऊन थांबायचा, जणू पुढे विहीर आहे. समोरचे मात्र त्या मोकळ्या पट्टीतून मारुतीसारखे उडत होते. भिंतीला दोन्हीकडून दारं पडली होती. गोल झाला. दुसरा खांबाला लागून परत आला.

"आठवलं बघा यांना हरायचं," वैद्यसाहेब म्हणाले. पण आवाजात मजा नव्हती. मी बघितलं तर या माणसानं दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली होती. मला त्यांचा जास्तच राग आला. इतकं प्रेम होतं तर इतके दिवस बोलायला काय झालं होतं?

मध्यंतरानंतर घाटवाले वेगळेच आले. भिंत नाही, काही नाही. कोचनी दोघांना अगदी कडेला चिकटवून ठेवलं होतं, आणि आमचा मिझो कप्तान मधून असे लांब चेंडू टाकत होता, की मी माझ्या मैदानावर तसे कधी पाहिले नव्हते. पूर्वी ते रेघेबाहेरच गेले असते. डावीकडचा पोरगा पुन्हा पट्टीपाशी आला, क्षणभर अडखळला, आणि ओलांडून गेला. त्याच्या पासवर बरोबरी झाली. बंटीनं वैद्यसाहेबांना उचललं. शेवटची मिनिटं आमचा गोलकीपर कालसर्प, मंगळ, साडेसाती सगळं एकट्यानं अडवत होता. शिट्टी वाजली. हरलो नाही. संघ उज्जैनमध्ये राहिला.

निघता निघता वाद पुन्हा सुरू झालाच. "बरोबरी. तीही घरी," वैद्यसाहेब डोळे पुसत म्हणाले. "याला चांगली टीम म्हणत नाहीत." बंटी म्हणाला, "कल पोहे मत खाना आप." मी मधे पडलो नाही. मिशी काढायची राहिली आहे. हे ज्या दिवाळी अंकात छापून येईल तो वैद्यसाहेब विकत घेणार नाहीत, मराठी समाजाच्या वाचनालयातून सावकाश आणतील. तोवर तरी ती आहे.

मैदान रिकामं झाल्यावर मी खेळून उखडलेली ढेकळं पायानं दाबत होतो. पोवार कोच आले. पट्टीवर उभे राहिले.

"काका, ह्ये रुंद कराय कुनी सांगितलं तुमाला?"

"कुणी नाही. चूक होती, दुरुस्त केली."

"चूक?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "म्हंजे आदी मुद्दाम न्हवतं केलं?"

मग मला सगळं सांगावं लागलं. टेप, कुंपण, कडी, पडदे. कोच शांतपणे ऐकत होते. ते शांत असलेले मी पहिल्यांदाच बघत होतो.

"पयल्याच दिवशी चालून बगितलं हुतं मी," ते शेवटी म्हणाले. "दोनी बाजूनं कमी भरलं. म्हटलं, जमलं! ह्या गावात फुटबॉल कळनारा एक तरी मानूस हाय. त्याच्या भरवशावर सगळी टीम बांदली मी." त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली आणि दाराकडे चालू लागले. मग भिंतीच्या भगदाडापाशी थांबून वळले.

"आनि त्यो मानूस म्हंजे गाय निघाली व्हय?"